डावं बटण

उद्धवरावांच्या पिंडाकडे कावळा फिरकत नव्हता, आणि पलीकडे कुणा आजीबाईंच्या पिंडावर मात्र कावळ्यांची झुंबड उडाली होती. इंद्रायणीचा घाट सकाळपासूनच भरलेला. एकाच वेळी पाच-सहा घरांचे दहावे चालले होते. पाण्यावर साबणासारखा पांढरा फेस तरंगत होता आणि त्या फेसाच्या कडेला उभे राहून लोक आपापल्या माणसाला निरोप देत होते.

निशिगंधा ओल्या साडीत, हात जोडून, पिंडापासून थोडी लांब उभी होती. उद्धवरावांची ती एकुलती एक मुलगी. आकुर्डीच्या एका कॉलेजात साहित्य शिकवायची. चाळिशीला टेकली होती. मुलीनं विधी करायचा म्हटल्यावर चुलत्यांनी नाकं मुरडली, तेव्हा तिची आई, सुभद्राबाई, एवढंच म्हणाली होती, "त्यांच्या आजारपणात रात्री कोण जागलं ते आठवा, आणि मग बोला." 

"आजीबाईंची काही इच्छाच राहिली नसंल," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "आपले मालक ओव्हरटाइमवाले. त्यांचा कावळाबी सेकंड शिफ्टला येतोय बगा."

दोघं-तिघं खुसखुसले. उद्धवरावांच्या प्रेस शॉपमधलीच, पत्रा ठोकायच्या कारखान्यातलीच माणसं होती ती. निशिगंधाला राग आला नाही. बाबा असते तर तेच आधी हसले असते.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून दोन ठिकाणी जायचं होतं. "काही मनात राहिलंय त्यांच्या," ते म्हणाले. "इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. घरच्यांनी बोला. शब्द द्या त्यांना."

सुभद्राबाई पुढं झाली. पदर सावरून पिंडाकडे बघत म्हणाली, "माझी काळजी करू नका. मी निशूकडे राहीन. बीपीची गोळी चुकवणार नाही." मग जरा थांबून, "आणि तुमचा तो निळा स्वेटर कुणाला देणार नाही."

कडुलिंबावरच्या एका कावळ्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि पुन्हा चोच फांदीला घासत बसला.

मग दौलतराव पुढं आले. सुभद्राबाईचे धाकटे भाऊ, उद्धवरावांचे भागीदार. दोघं एकाच गावचे, धाराशिवकडचे. एकाच एसटीनं भोसरीला आले, एकाच खोलीत राहिले, एकाच कंपनीत प्रेसवर उभे राहिले. पुढं चाकणला पत्र्याची शेड घेऊन दोघांनी स्वतःचं शॉप टाकलं. मोठ्या गाड्यांना लागणारे छोटे छोटे पत्र्याचे भाग तिथं ठोकून निघायचे.

"दाजी," दौलतरावांचा आवाज भरून आला, "जिच्यासाठी तुमी जीव आटवला, ती ऑर्डर आली. तुमी गेल्यावर चौथ्या दिवशी फोन आला, दाजी. आता मधला कुनी न्हाई. आपला माल थेट गाडीच्या कंपनीत जानार. थेट! मी शब्द देतो, माल टायमात जाईल. दोन्ही शिफ्ट पळवतो."

सगळ्यांनी झाडाकडे पाहिलं. कावळा हलला नाही.

"भागीदाराचा नाही, मालकाच्या वारसाचा शब्द लागत असेल," गुरुजी म्हणाले.

"व्हय की. सही हिचीच लागनार हाय सोमवारी," दौलतराव तिच्याकडे वळले. "निशू, म्हन बाळा. बाबा, तुमची ऑर्डर पुरी करते, म्हन. एवढंच. त्यांचा जीव त्यातच आडकलाय."

निशिगंधानं तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. लोकांना वाटलं, तिला रडू येतंय. तसं नव्हतं. त्या एका वाक्यात काय काय येतं, ते तिला ठाऊक होतं. पाचव्या दिवशी चहा पिताना मामांनीच सांगितलं होतं, "त्या ऑर्डरचा आकडा गाठायचा तर जावई पाहिजेच. दोन्ही हातांनी चालवलं तर निम्माबी माल निघायचा न्हाई."

जावई म्हणजे वाकवलेली लोखंडी पट्टी, बोटभर लांबीची.

जुन्या प्रेसला समोर दोन बटणं असतात, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच वरचं धूड खाली येतं. दोन्ही हात बटणांवर असले की ते यंत्राच्या तोंडात असू शकत नाहीत, एवढाच त्यामागचा विचार. पण दोन्ही हात बटणांवर असले की माल भरायला हात उरत नाही, आणि वेळ जातो. भोसरीच्या दिवसांत, विशीतल्या उद्धवरावांनी भंगारातली एक पट्टी अशी वाकवली, की ती अडकवली की डावं बटण दाबलेलंच राहायचं. मग डाव्या हातानं पत्रा आत सरकवायचा आणि उजव्या हातानं ठोका द्यायचा. त्या महिन्यात त्यांच्या प्रेसवर सगळ्यांत जास्त माल निघाला. सुपरवायझरनं डोळेझाक केली, वर पाठही थोपटली. पुढं ते स्वतः सुपरवायझर झाले, मग मालक झाले, आणि पट्टी त्यांच्याबरोबर चाकणला आली. आता प्रत्येक प्रेसला एक होती. कामगारांनीच तिचं नाव जावई ठेवलं होतं. बसून राहतो, काही करत नाही, पण त्याच्यावाचून घर चालत नाही. बाहेरून तपासणीला कुणी आलं की शेडभर हाळी जायची, "पाहुणे आले, जावयाला आत न्या!" आणि पट्ट्या खिशात जायच्या. खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा झेंडू आणि हळदकुंकू त्या पट्टीलाही लागायचं. उद्धवराव स्वतः लावायचे. तिच्या जोरावर आपण इथवर आलो, असं त्यांना मनापासून वाटायचं.

निशिगंधाची नजर गर्दीतून मागं गेली. शॉपमधला रणजीत तिथं होता. डावा हात पँटच्या खिशात, उजव्या हातात सगळ्यांच्या चपला राखायची पिशवी. त्या डाव्या हाताला तीनच बोटं होती.

रणजीतचा प्रेसवर अपघात झाला तेव्हा उद्धवरावांनी त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. रात्रभर त्याच्या उशाशी बसले. त्याच्या घरी कितीतरी दिवस सुभद्राबाईच्या हातचा डबा जात होता. बरा झाल्यावर त्याला स्टोअरमध्ये बसतं काम दिलं. चाकणमध्ये लोक म्हणायचे, मालक असावा तर असा. ते खोटं नव्हतं. त्या दिवशी प्रेस दुपारभर बंद राहिले, हेही खोटं नव्हतं. पुढच्या शिफ्टला जावई परत जागेवर बसले, एवढंच कुणी बोलत नव्हतं.

लहानपणापासून निशिगंधाला वाचायचं वेड, आणि बाबांना ऐकायचं. शिफ्टवरून आले की गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून बसायचे आणि म्हणायचे, "हं, आज कुणाचा नंबर लागला?" ती कॉलेजात जे शिकत होती, आणि पुढं जे शिकवत होती, ते त्यांना गोष्टीसारखं सांगायची. राज्यासाठी रक्त सांडणारे सरदार. ज्ञानासाठी आत्मा गहाण टाकणारे पंडित. देशोदेशीची, शेकडो वर्षांपूर्वीची मोठमोठी माणसं, प्रत्येकात एक खोट, आणि त्या खोटीपायी सगळ्याचा विध्वंस. वर्गात ती फळ्यावर 'खोट' हा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढायची. बाबांना रेघ नको असायची, माणूस हवा असायचा.

"मग त्याला कळलं कधी, की आपलं चुकतंय?"

"शेवटच्या अंकात."

"सगळ्यांना शेवटालाच कसं कळतं गं? लिहिणाऱ्याला जरा आधी सांगता येत नव्हतं व्हय?"

"आधी सांगितलं तर नाटक कसं होईल, बाबा?"

"न होईना का नाटक. मानूस तरी वाचला असता!"

यावर घरात खूप हसू व्हायचं. सुभद्राबाई आतून ओरडायची, "पाणी गार झालं, राजे. पाय काढा."

रणजीत दवाखान्यातून घरी गेल्यानंतरची एक संध्याकाळ निशिगंधाला आता घाटावर लख्ख आठवली. त्या दिवशी बाबांनी गोष्ट मागितली नव्हती. बादलीत पाय घालून नुसतं पाणी ढवळत होते. मग म्हणाले, "निशू, तुझ्या त्या पुस्तकांत एखादा मधूनच मागं फिरलेला आहे का गं? म्हणजे, बरंच चालून गेल्यावर?"

ती उत्तरपत्रिका तपासत होती. मान वर न करता तिनं उत्तर दिलं होतं, "असला तरी त्याच्यावर कुणी पुस्तक लिहीत नाही."

"तेबी खरंच," बाबा म्हणाले होते, आणि पाय पुसायला उठले होते.

"निशू," दौलतराव कुजबुजले, "बोल की. लोक ताटकळलेत."

तिनं पिंडाकडे पाहिलं. भाताचा गोळा, वर काळे तीळ. त्या माणसाला काय हवं होतं, ते इथल्या प्रत्येकाला माहीत होतं. थेट माल. मोठी शेड. गावाकडच्या लोकांनी गाडीकडे बोट दाखवून म्हणावं, हिच्यात उद्धवचा पत्रा आहे. हवं ते मिळावं म्हणून तो आयुष्यभर पळाला, आणि इथं सगळे त्याला तेच आणखी थोडं देऊ करत होते. रिवाज विचारत होता, काय हवं होतं. तिला वाटलं, बाबांच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीच्या बाजूनं विचारला जातोय. हवं होतं, त्यातच तर सगळं अडलं होतं. त्यांना एकदाच काहीतरी नकोसं वाटलं होतं, बादलीत पाय घालून बसले असताना, आणि तेव्हा कुणी मान वर केली नव्हती.

मेलेल्या माणसाला दहा जणांसमोर दिलेला शब्द त्यांच्याकडे कुणी मोडत नसे. ऑर्डर पुरी करते, असं म्हटलं की जावई राहणार, कायमचे. दुसरं काही म्हटलं, तर बाबांचं सगळ्यांत मोठं स्वप्न त्यांच्या दहाव्याला त्यांच्या मुलीच्याच हातून मोडणार.

ती एक पाऊल पुढं झाली.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा आला. "मी सगळ्या प्रेसवरचे जावई काढते. सोमवारी सहीच्या आधी."

 गुरुजींना काही कळलं नाही. "जावई? कुणाचे जावई?"

"आगं, काय बोलतीस तू?" दौलतरावांचा चेहरा उतरला. "भान हाय का? ऑर्डर जाईल हातची!"

"जाऊ दे, मामा."

"त्यांना काय वाटंल?"

"ते मला विचारता येत नाही. म्हणून शब्द दिला."

मागं शॉपमधली माणसं एकमेकांकडे बघत होती. रणजीतनं पिशवी या हातातून त्या हातात घ्यावी म्हणून डावा हात खिशातून काढला, आणि पुन्हा तसाच आत घातला.

आता सगळे झाडाकडे बघू लागले. निशिगंधाही. इतकं वाचून, इतकं शिकवून, त्या घडीला तिलाही वाटत होतं, की आता येईल. आता पंख फडफडतील. तिनं श्वास धरून ठेवला होता.

कावळा उडाला. घाटावरून एक गिरकी घेतली आणि आजीबाईंच्या पिंडावर जाऊन बसला.

"बग," दौलतराव डोळे पुसत म्हणाले. "बग. रागावले दाजी."

सुभद्राबाईनं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. ऊन वाढत होतं. आणखी थोडा वेळ गेला, मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. दोन काड्या वळवून, चोचीसारखं टोक काढून, तो पिंडाला टेकवला. "झालं. शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले आणि पिशवी आवरू लागले.

परतीच्या वाटेवर गाडी मोशीपर्यंत आली. दौलतराव पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. टोलनाक्यापाशी सुभद्राबाई अचानक म्हणाली, "दौलत, रणजीतच्या आईला डबा देताना मी तिच्या डोळ्यांत कधी बघितलं नाही. एकदाबी नाही."

दौलतरावांनी मान वळवली नाही. "आक्का, तो इषय संपलाय."

"मी कुठं काढतेय? जेवणाचा डबा होता, तेवढंच म्हणतेय."

तेरावं झालं, आणि सोमवारी निशिगंधा कॉलेजला रजा टाकून चाकणला गेली. आधी तिनं केबिनमधून गाडीच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता. ती सांगत होती तेवढाच माल मिळणार असेल तर ऑर्डर दुसरीकडे जाईल, थोडा भाग तुमच्याकडे ठेवता येतो का ते बघतो, म्हणाला. आवाजावरून तो बघणार नाही, हे कळत होतं. तिनं आभार मानले. केबिनच्या भिंतीवर बाबांचा फोटो लावला होता, अजून हार ताजा होता. फोटोत ते हसत नव्हते. फोटोग्राफरनं सांगितलं असेल, गंभीर बघा म्हणून.

मग ती शेडमध्ये गेली. पहिल्या प्रेसवर पिंकी होती, नांदेडकडची, कॉन्ट्रॅक्टवर घेतलेली मुलगी. हात इतका चपळ, की बघणाऱ्याला फक्त ठोकाच ऐकू यावा.

"पिंकी, थांब जरा. ती पट्टी काढ."

"पाहुणे आलेत का मॅडम?"

"नाही. कायमची काढ."

पिंकीनं ठोका थांबवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, एका हातानं चालतंय की मस्त. मला सवय हाय. माझा आकडा कमी पडला तर मुकादम मलाच बोलंल."

"आकडाच कमी केलाय. मुकादम काही बोलला तर मला सांग."

"आन् बोनस?"

"तो मागच्या आकड्यावरच धरू. ते मी बघते."

पिंकीला ते फारसं पटलं नाही. तरी तिनं पट्टी ओढून काढली. डावं बटण टक्‌ आवाज करून वर आलं. इतकी वर्षं दाबलेलंच राहिल्यानं ते थोडं वाकडं उभं राहिलं, शेजारच्या उजव्याइतकं झिजलेलं मात्र नव्हतं. पिंकीनं सवयीनं उजव्या हातानं ठोका दिला. प्रेस हलला नाही.

"आई शप्पत," ती म्हणाली, "हे तर रुसलं."

"दोन्ही हातांनी दाब."

पिंकीनं दोन्ही तळवे दोन्ही बटणांवर ठेवले. देवापुढं नमस्कार करायला वाकावं तशी ती जरा पुढं झुकली. धूड खाली आलं, वर गेलं. तिचे दोन्ही हात बाहेर होते.

"लई हळू," ती पुटपुटली. "झोप यील मला."

शेडभर असंच झालं. कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. एकजण म्हणाला, "जावयांची बोळवण झाली, राव, आता सासूबाईंनी आराम करावा." दौलतराव दाराशी उभे होते. ते आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत. शेवटच्या प्रेसची पट्टी घट्ट बसली होती, निघेना. तपासणीचे पाहुणे त्या कोपऱ्यापर्यंत कधी येत नसत, म्हणून बरीच वर्षं ती कुणी काढलीच नव्हती. तेव्हा ते बाह्या सारत पुढं आले, पक्कड घेतली, एकदा वाकवली, दुसऱ्यांदा ओढली, आणि ती निघाली.

"ही भोसरीची हाय," ते पट्टी उलटसुलट करत म्हणाले. "पहिली. दाजींनी माझ्यासमोर वाकवलेली. भाकरी खाता खाता."

तिला वाटलं, ते ती खिशात टाकतील. त्यांनी बराच वेळ ती तळहातावर धरली. मग रणजीत भंगाराचा डबा घेऊन उभा होता, त्याच्यात टाकली. लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज झाला. रणजीतनं डबा उचलला आणि मागच्या दारानं बाहेर नेला, रोज नेतो तसाच.

बाबा सुटले की नाही, हे निशिगंधाला कळलं नाही. ते कळण्यासारखं नसतं, हेही तिला आता मान्य होतं. दुपारी ती केबिनमध्ये बसून उत्तरपत्रिका तपासू लागली. एका मुलानं लिहिलं होतं, की नायकाची खोट हीच त्याची ताकद असते, म्हणून त्याला ती दिसत नाही. तिनं त्याला पूर्ण गुण दिले. मग समासात, गुणांशी संबंध नसलेलं, पेन्सिलीनं लिहिलं: आणि घरच्यांना?

बाहेर ठोके पडत होते, पूर्वीपेक्षा लांब लांब अंतरानं. दोन ठोक्यांच्या मधे पिंकी आणि शेजारची बाई कुणाच्यातरी लग्नातल्या जेवणाबद्दल बोलत होत्या. पूर्वी प्रेसच्या आवाजात ते ऐकू आलं नसतं. शिफ्ट सुटली. माणसं हात धुवायला नळावर गेली, साबणासाठी भांडली, डबे घेऊन बसच्या रांगेत उभी राहिली. सोमवारचा सगळा दिवस गेला, आणि कुणी पुस्तक लिहावं असं त्यात काही घडलं नाही.